मॉडेल रेल्वेच्या मांडणीत सांध्यांची नियंत्रणे कुठे बसवावीत

सांध्याचे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडणीचे, नियंत्रण कुठे बसवायचे, हा प्रश्न बहुतेक मांडण्यांमध्ये सर्वांत शेवटी विचारला जातो आणि मूळ दोष तिथेच आहे. रूळ बसतात, सांध्यांखाली मोटरी बसतात, तारा खाली लोंबू लागतात आणि मग जिथपर्यंत तार पुरते किंवा जिथे फळीवर जागा उरली आहे तिथे खटके लावले जातात. परिणामी गाडी एका टोकाला आणि तिचा खटका दुसऱ्या टोकाला अशी स्थिती होते. चालवणारा दोन्हींच्या मध्ये येरझारा घालतो, आणि ज्या सांध्याकडे पाहायचे राहून गेले, नेमक्या त्याच सांध्यावर वाघिणी रुळावरून उतरतात.

योग्य क्रम याच्या उलट आहे. गाडी चालवणारा माणूस कुठे उभा राहणार, तिथून त्याला काय दिसणार आणि त्याचा हात कुठवर पोचणार, हे प्रथम ठरवावे. त्यावरून खटक्याची जागा, खटक्याच्या जागेवरून यंत्रणेचा प्रकार आणि सर्वांत शेवटी तारांचा मार्ग ठरवावा.

उदाहरण म्हणून एकच मांडणी शेवटपर्यंत समोर ठेवतो. ती एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ आकाराची आणि रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असलेली आहे, आणि दोन भिंतींना लागून काटकोनात बसवलेली आहे. लांब भिंतीवर कोकण रेल्वेच्या धर्तीचे एकेरी मार्गावरील क्रॉसिंग स्थानक, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना ओलांडतात असे स्थानक आहे. मधून मेन लाइन, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लूप (मेन लाइनमधून फुटून पुन्हा तिलाच मिळणारा रूळ), आणि पुढच्या लूपमधून निघणारी मालधक्क्याची सायडिंग, जी पुढे दोन रुळांत विभागते. मेन लाइनचे एक टोक एक गाडी मावेल अशा बोगद्यात जाते. दुसरे टोक आखूड भिंतीवरच्या डोंगराआड जाते, आणि तिथे चार रुळांचे लपलेले यार्ड आहे. स्थानकाच्या दोन्ही टोकांना मिळून चार, मालधक्क्याचे दोन आणि यार्डाच्या तोंडाशी तीन, असे एकूण नऊ सांधे. मांडणीच्या आपल्याकडच्या कडेला जी उभी फळी लावलेली असते, तिला या लेखात दर्शनी फळी म्हटले आहे.

टप्पा १ : सांध्यांची यादी आणि क्रमांक

रुळांचा आराखडा मोठ्या कागदावर काढावा आणि प्रत्येक सांध्याला क्रमांक द्यावा. १ ते ९ असे सलग क्रमांक देण्याचा मोह टाळावा, कारण पुढे एक जरी सांधा वाढला तरी सगळा क्रम विस्कटतो. स्थानकाच्या डाव्या टोकाला विषम आणि उजव्या टोकाला सम क्रमांक दिले, तर नुसत्या क्रमांकावरून सांधा कोणत्या टोकाचा ते कळते. आपल्या उदाहरणात डावीकडे १ आणि ३, उजवीकडे २ आणि ४, डाव्या बाजूने फुटणाऱ्या मालधक्क्याला ५ आणि ७, आणि लपलेल्या यार्डाला वेगळी मालिका म्हणून २१, २२ आणि २३ असे क्रमांक दिले आहेत. दोन समांतर रुळांना जोडणाऱ्या क्रॉसओव्हरचे दोन्ही सांधे नेहमी एकत्रच फिरतात; त्यांना ९अ आणि ९ब असा एकच क्रमांक द्यावा आणि पुढे एकच खटका द्यावा.

यादीत प्रत्येक सांध्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: नेहमीची स्थिती कोणती, दर्शनी फळीपासून तो किती सेंटिमीटर आत आहे, त्याच्यापुढे इमारत, डोंगर किंवा झाडी येणार आहे का, आणि गाड्या त्याच्यावर कोणत्या बाजूने येतात. शेवटची नोंद अनेकजण वगळतात, पण ती महत्त्वाची आहे. गाडी सांध्याच्या हलत्या पात्यांच्या (गाडीला वळवणाऱ्या निमुळत्या रुळांच्या) बाजूने आली आणि सांधा चुकीचा लागलेला असला, तर ती चुकीच्या रुळावर जाते, पण बहुधा शाबूत राहते. गाडी उलट बाजूने, म्हणजे दोन रूळ एकत्र येतात तिकडून आली आणि सांधा चुकीचा असला, तर चाके पात्यांवर चढतात, आणि फ्रॉगला (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाला) वीज दिलेली असल्यास इंजिन फ्रॉगवर येताच शॉर्ट सर्किट होऊन सगळी मांडणी थांबते. म्हणून दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या सांध्याची स्थिती दोन्हीकडून येणाऱ्या माणसाला दिसली पाहिजे.

तपासणी: यादीतील सांध्यांची संख्या आणि आराखड्यावरील संख्या जुळते का, ते दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. लपलेल्या भागातील एखादा सांधा हमखास राहतो.

टप्पा २ : माणूस कुठे उभा राहणार

या टप्प्यात खटक्यांचा विचार अजिबात करू नये. मांडणीवर नेहमी होणाऱ्या तीन-चार हालचाली लिहून काढाव्यात आणि त्या हालचालींत आपली पावले कुठे पडतात, ते जमिनीवर खडूने आखावे.

आपल्या उदाहरणात मालगाडी बोगद्याकडून येऊन पुढच्या लूपमध्ये थांबते. तेवढ्यात यार्डातून निघालेली एक्स्प्रेस मेन लाइनवरून निघून जाते. मग मालगाडीचे इंजिन सुटे होते, चार वाघिणी मालधक्क्यावर ठेवते, दोन रिकाम्या उचलते आणि गाडीला पुन्हा जोडले जाते. ही हालचाल हाताने मोजत केली, तर लक्षात येते की सांधा १ ते ४ प्रत्येकी एकदा-दोनदा फिरतात, पण ५ आणि ७ त्याच वेळात अनेक वेळा फिरतात. आणि त्या सगळ्या वेळात माणूस मालधक्क्यासमोर, वाघिणींच्या जोडण्यांकडे पाहत उभा असतो. सर्वांत चांगली जागा ५ आणि ७ यांना मिळाली पाहिजे. व्यवहारात मात्र ती मेन लाइनच्या सांध्यांना दिली जाते, कारण ते जास्त महत्त्वाचे वाटतात. माझ्या मते, खटका किती वेळा वापरला जातो हाच जागा वाटण्याचा पहिला निकष आहे.

गाडीचा वेग हातातल्या कंट्रोलरने नियंत्रित होणार असेल आणि चालवणारा गाडीबरोबर चालणार असेल, तर नियंत्रणे मांडणीच्या कडेने विखुरलेली असावीत. वेगाचा कंट्रोलर एका जागी पक्का असेल, तर माणूसही तिथेच अडकतो, आणि मग सगळी नियंत्रणे एकाच पॅनेलवर आणण्यावाचून पर्याय नाही. या दोहोंची सरमिसळ, म्हणजे चालता माणूस आणि एका कोपऱ्यातले पॅनेल, ही नव्या मांडण्यांतील सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

टप्पा ३ : नजर आणि हात

खडूच्या प्रत्येक खुणेवर उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या जागेवरून सांध्याची पाती कोणत्या बाजूला टेकली आहेत ते स्पष्ट दिसते का. एचओ प्रमाणात पात्यांची हालचाल काही मिलिमीटरचीच असते, आणि दीड मीटर अंतरावरून तिरकस पाहताना ती बहुतेकांना ओळखता येत नाही. म्हणून स्थानकाच्या मधोमध उभे राहून दोन्ही टोकांचे सांधे चालवायचे असतील, तर पॅनेलवर दिवे हवेतच. ‘मला दिसतात’ असे आज वाटले, तरी पुढे फलाटाचे छप्पर आणि झाडे बसल्यावर ते दिसणार नाहीत.

दुसरी गोष्ट हाताची पोच. साधारणपणे ६० सेंटिमीटरपर्यंत हात पोचतो, पण हे माप कमरेच्या उंचीच्या मांडणीचे आहे. रूळ छातीच्या उंचीवर, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या आसपास असतील तर वाकता येत नाही आणि हिशेबात ४५ सेंटिमीटरच धरावेत. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतरच्या काळातले स्थानक करणाऱ्याने रुळांवरील तारा आणि खांब यांचाही विचार करावा, कारण त्यांच्या आड हात घालून सांधा फिरवताना शर्टाची बाही एखादा तरी खांब वाकवतेच.

सावधान: पोच मोजताना रिकाम्या फळीवर मोजू नये. पुढच्या रुळावर एक गाडी उभी करून तिच्या वरून हात न्यावा, कारण प्रत्यक्षात गाडी तिथे असतेच.

टप्पा ४ : नियंत्रणाचा प्रकार आणि त्याची जागा

आता प्रत्येक सांध्यासाठी पुढीलपैकी एक पर्याय निवडावा. सगळ्या मांडणीला एकच पर्याय लावण्याची सक्ती नाही, आणि उदाहरणातील मांडणीत तो लावणे चुकीचेच ठरेल.

सांध्याजवळची कळ. पात्यांना स्प्रिंग असलेले सांधे बोटाने ढकलले तरी दोन्ही बाजूंना घट्ट राहतात. स्प्रिंग नसल्यास रुळाशेजारी छोटी हातकळ बसवता येते. सांधा दर्शनी फळीपासून ३० सेंटिमीटरच्या आत असेल, समोर काही नसेल आणि वर तारा नसतील, तर याहून सोपे काही नाही. मालधक्क्याचा ७ क्रमांकाचा सांधा अगदी पुढे आहे आणि मालधक्क्यावर तारा नाहीत. तिथे मी मोटर बसवणार नाही.

दर्शनी फळीतून जाणारा रॉड. सांध्याची आडपट्टी (दोन्ही पात्यांना जोडणारी पट्टी) रुळाला काटकोनात सरकते, आणि दर्शनी फळी रुळाला समांतर असल्यास फळीतून आत-बाहेर होणारा रॉड नेमका त्याच दिशेने चालतो. त्यामुळे ५० ते ६० सेंटिमीटरपर्यंत सरळ रॉड उत्तम काम देतो. रूळ तिरका असेल तर मध्ये कोनकळ (सरकण्याची दिशा बदलणारी कळ) लागते, आणि तिच्या सांध्यात ढिलेपणा येऊ लागतो. अशा ठिकाणी विजेवरचा पर्याय बरा. रॉड मांडणीखालच्या स्लाइड स्विचला जोडल्यास तोच स्विच सांधा जागेवर धरतो आणि फ्रॉगची वीजही बदलतो. रॉड आणि आडपट्टी यांच्यामध्ये लवचिक तारेचे एक वळण ठेवावे, नाहीतर हाताचा जादा जोर थेट पात्यांच्या टाक्यांवर येतो. लाकडाला नुसते भोक पाडून त्यातून रॉड नेऊ नये. पावसाळ्यात प्लायवुड फुगते आणि रॉड अडकतो. पितळी नळी बसवून तिच्यातून न्यावा. उदाहरणातील ५ क्रमांकाचा सांधा विजेच्या तारांखाली आहे, पण फळीपासून ३५ सेंटिमीटरवर आहे. त्याला हाच पर्याय योग्य आहे.

सांध्यासमोर दर्शनी फळीवर विजेचा खटका. सांधा दूर असेल किंवा इमारतींच्या मागे असेल, पण चालवणारा त्याच्यासमोरच उभा राहणार असेल, तर प्रत्येक सांध्यासमोर नेमका त्याच्या रेषेत खटका लावावा. नकाशा वाचावा लागत नाही. सांधा जिथे, तिथेच खाली हात जातो. दोन सांधे एकमेकांच्या मागे असतील तर पुढच्याचा खटका खाली आणि मागच्याचा वर लावावा. १, ३ आणि २, ४ या जोड्यांसाठी मी हीच पद्धत निवडतो, कारण गाडीबरोबर चालणारा माणूस त्या त्या टोकाला येऊनच मार्ग लावतो.

रुळांचा नकाशा असलेले पॅनेल. एका ठिकाणी चारपेक्षा जास्त सांधे दाटीने आले किंवा सांधे दिसतच नसले, की विखुरलेले खटके गोंधळ करतात आणि नकाशा लागतो. लपलेल्या यार्डाला पॅनेलच हवे. तेही यार्डापुढे नको; डोंगरातून गाडी बाहेर पडताना जिथून दिसते त्या काटकोनाच्या कोपऱ्यात हवे.

यार्डाच्या पॅनेलवर तीन सांध्यांचे तीन खटके लावण्याऐवजी चार रुळांची चार बटणे लावावीत. चालवणाऱ्याला ‘२१ वळता, २२ सरळ’ असे आठवायचे नसते, त्याला फक्त रूळ क्रमांक २ हवा असतो. भारतीय रेल्वेच्या स्थानकांवरील पॅनेलवरही मार्ग लावताना स्टेशन मास्तर एकेक सांधा वेगळा न फिरवता मार्गाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे अशी दोन बटणे दाबतो, आणि मार्गातील सगळे सांधे आपोआप लागतात. मॉडेलवर सोलेनॉइड पद्धतीच्या, म्हणजे विजेच्या एका झटक्याने फिरणाऱ्या मोटरी असल्यास हे डायोडांच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या) जाळ्याने होते. पहिल्या रुळासाठी फक्त २१ सरळ. दुसऱ्यासाठी २१ वळता आणि २२ सरळ. तिसऱ्यासाठी २१ व २२ वळते आणि २३ सरळ. चौथ्यासाठी तिन्ही वळते. एकूण नऊ जोडण्या, म्हणून नऊ डायोड. एका वेळी तीन कॉइल ओढायच्या असल्याने कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेली वीज एकदम सोडणारे उपकरण) लागतेच, आणि त्याचा कपॅसिटर एका सांध्याला पुरतो त्यापेक्षा मोठा असावा. ४७०० मायक्रोफॅराडपासून सुरुवात करून चाचणीत तिन्ही सांधे पूर्ण फिरतात का, ते पाहावे.

डीसीसीच्या, म्हणजे रुळांतूनच डिजिटल आदेश पाठवणाऱ्या पद्धतीच्या हँडसेटवरून. अॅक्सेसरी डीकोडर (आदेश ओळखून सांधा फिरवणारे उपकरण) लावून सांध्यांना १ ते २०४४ मधला पत्ता देता येतो आणि हँडसेटवरून सांधा फिरवता येतो. पॅनेल वाचते, म्हणून अनेकजण सगळे सांधे असेच चालवायचे ठरवतात आणि शंटिंगच्या पहिल्याच दिवशी कंटाळतात, कारण प्रत्येक सांध्यासाठी इंजिनावरून नजर काढून हँडसेटचा पडदा पाहावा लागतो, पत्ता टाकावा लागतो आणि पुन्हा इंजिनाकडे यावे लागते. क्वचित फिरणाऱ्या सांध्यांना हे ठीक आहे. मालधक्का आणि यार्ड यांना बटण द्यावेच. पुष्कळ डीकोडरना बाहेरून बटण जोडण्याची सोय असते.

सावधान: सोलेनॉइडला कधीही साधा टॉगल लावू नये. तिला क्षणभराचीच वीज हवी असते. टॉगल लागून राहिला तर कॉइल जळते. तिला पुश बटण किंवा हात सोडताच मध्यावर परतणारा टॉगल लावावा. याच्या उलट, टॉर्टॉइजसारख्या सावकाश फिरणाऱ्या मोटरी टोकाला पोचल्यावरही वीज घेत राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. बारा व्होल्टवर त्या जेमतेम १५-१६ मिलिअँपिअर घेतात, आणि त्यांना सहा पिनांचा साधा टॉगलच हवा.

टप्पा ५ : कागदी सराव

भोके पाडण्याआधी प्रत्येक नियंत्रणाच्या ठरलेल्या जागी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि डोंगराचे छप्पर उघडे ठेवून किमान तीन बैठका गाड्या चालवाव्यात. सांधे बोटानेच फिरवावेत, पण प्रत्येक वेळी आधी त्याच्या चिठ्ठीला हात लावण्याचा नियम पाळावा. जिथे हात चुकीच्या चिठ्ठीवर जातो, जिथे चिठ्ठीसाठी पाऊल उचलावे लागते, किंवा जिथे चिठ्ठीला हात लावताना नजर गाडीवरून हटते, तिथे खूण करावी. तीन बैठकांत एकाच चिठ्ठीवर दोनदा खूण झाली, तर ती चिठ्ठी हलवावी आणि सराव पुन्हा करावा.

दोन माणसे चालवणार असतील, तर सराव दोघांनी मिळून करावा. एकाच्या चिठ्ठीसमोर दुसरा उभा राहतो का, हे आराखड्यावर कधीच कळत नाही. चालण्याची वाट ६० सेंटिमीटरची असेल आणि खटके कमरेच्या उंचीवर पुढे आलेले असतील, तर जाता-येता माणसाच्या अंगाने खटका पडतो, आणि गाडी सांध्यावर असताना पडला तर डबे आडवे होतात. अशा जागी खटका फळीत दोन सेंटिमीटर आत, खोबणीत बसवावा किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावाव्यात. घरात लहान मुले असतील तर हीच काळजी रुंद वाटेतही घ्यावी.

टप्पा ६ : पॅनेलची आखणी

पॅनेलवरचा नकाशा त्या पॅनेलसमोर उभ्या माणसाला रूळ जसे दिसतात तसाच काढावा. मूळ आराखडा बहुधा उत्तर वर धरून काढलेला असतो, आणि तोच उतरवला की आखूड भिंतीवरच्या पॅनेलवर डावे-उजवे भलतेच होते. पॅनेलच्या जागी उभे राहून, डाव्या हाताला जे आहे ते कागदाच्या डाव्या बाजूला, अशा क्रमाने नवा नकाशा काढावा. नकाशा खऱ्या लांबीच्या प्रमाणात नसला तरी चालतो. लांब लूप आखूड केला आणि सांध्यांभोवती जागा मोकळी सोडली, तर वाचायला सोपे जाते.

खटका नकाशावर नेमका त्या सांध्याच्या जागी असावा, आणि त्याचा दांडा ज्या रुळाकडे कलतो तो रूळ लागलेला असावा. इथे एक गंमत नसलेली अडचण हमखास येते: साध्या टॉगलचा दांडा वर केला की आतून खालच्या पिना जोडल्या जातात. म्हणून पहिल्या जोडणीत सांधा बरेचदा उलटा फिरतो. अशा वेळी पॅनेलवरचे लेबल बदलू नये. मोटरकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करावी. पॅनेलच्या मागून काम करताना डावे-उजवे पुन्हा उलटे होते, म्हणून मागच्या बाजूलाही प्रत्येक खटक्याशेजारी क्रमांक लिहावा. मी पाहिलेल्या चुकीच्या जोडण्यांपैकी बहुतेक याच एका कारणाने झालेल्या होत्या.

दोन खटक्यांमध्ये किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवावे; त्याहून कमी अंतरात बोट शेजारच्यावर जाते. छोट्या टॉगलला ६ मिलिमीटरचे भोक लागते. ते आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून पाहावे, आणि फळी जाड असेल तर मागून ती कोरून पातळ करावी, कारण टॉगलच्या मानेवरचे आटे जाड प्लायवुडमधून बाहेर येतच नाहीत. पॅनेलसाठी तीन मिलिमीटरचे अॅक्रिलिक आणि त्याखाली छापलेला नकाशा ही जोडी दमट हवेतही टिकते. पॅनेल उभे न ठेवता थोडे मागे कललेले ठेवावे आणि खालून बिजागरीवर उघडेल असे बसवावे.

सांध्याची स्थिती दाखवणारे एलईडी शक्यतो मोटरीच्या स्वतःच्या संपर्कांवरून चालवावेत. खटक्यावरून चालवलेला दिवा ‘काय सांगितले’ ते दाखवतो. मोटरीवरून चालवलेला ‘काय झाले’ ते दाखवतो. लपलेल्या यार्डात हा फरक निर्णायक आहे. फ्रॉगची वीजही याच कारणाने पॅनेलच्या खटक्यावरून नेऊ नये.

तपासणी: नकाशा न पाहिलेल्या माणसाला पॅनेलसमोर उभे करून ‘मालधक्क्याकडचा मार्ग लाव’ असे सांगावे. तो थबकला, तर नकाशा सुधारावा.

टप्पा ७ : खालची जागा आणि तारा

सांध्याखालची मोटर आठ-नऊ सेंटिमीटर खाली येते. सांगाड्याचे आडवे लाकूड नेमके आडपट्टीखाली आले, तर मोटर बसवता येत नाही आणि मग सांधाच हलवावा लागतो. म्हणून रूळ चिकटवण्याआधी सगळ्या आडपट्ट्यांच्या जागी सहा मिलिमीटरचे भोक पाडून खाली वाकून पाहावे. पॅनेलच्या मागे खटक्यांच्या पिनांसाठी आणि तारांच्या वळणासाठी किमान सहा-सात सेंटिमीटर मोकळी जागा लागते. तिथेही लाकूड येऊ देऊ नये.

तारेची जाडी मोटरीच्या प्रकारावर ठरते, आणि इथे थोडा हिशेब करणे फायद्याचे आहे. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८६ ओम असतो. पॅनेल चार मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे जवळपास ०.७ ओम. सावकाश मोटरीच्या १६ मिलिअँपिअरला एवढ्याने काहीच फरक पडत नाही, म्हणून तिथे लॅन केबल उत्तम. आठ तारांच्या एका केबलवर चार मोटरी चालतात. सोलेनॉइडला मात्र क्षणभर काही अँपिअर लागतात, आणि त्या ०.७ ओममध्येच तिचा जोर मरतो. तिथे ०.७५ चौरस मिलिमीटरची तार वापरावी.

सांध्यांचा वीजपुरवठा रुळांच्या पुरवठ्यापासून वेगळा ठेवावा. रुळावर शॉर्ट झाले, तर ते सोडवण्यासाठीच बरेचदा सांधा फिरवावा लागतो, आणि नेमके तेव्हाच सांधे निर्जीव झालेले असतात. तारांच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टीवर सांध्याचा क्रमांक लावावा, आणि पॅनेलजवळ कनेक्टर पट्टी ठेवावी, म्हणजे पॅनेल काढताना एकही सोल्डर तोडावा लागत नाही.

टप्पा ८ : एक सांधा, दोन जागा

मांडणीला दोन्ही बाजूंनी वाट असेल, किंवा एकच सांधा टोकावरून आणि मधल्या पॅनेलवरूनही फिरवायचा असेल, तर दोन जागी नियंत्रण लागते. सोलेनॉइडला हे सोपे आहे: दुसऱ्या जागेची बटणे पहिल्या बटणांना समांतर जोडावीत. सावकाश मोटरीला जिन्यातल्या दिव्यासारखी जोडणी करावी लागते. दोन्ही जागी सहा पिनांचा टॉगल कोपऱ्यातल्या पिनांची फुलीत जोडणी करून लावावा, आणि पहिल्याचा निर्गम दुसऱ्याला देऊन दुसऱ्याचा मोटरीला द्यावा. यानंतर कोणताही एक खटका हलवला की सांधा फिरतो.

सावधान: अशा जोडणीत दांड्याच्या दिशेवरून सांध्याची स्थिती कळत नाही. दोन्ही जागी एलईडी नसतील तर ही जोडणी करू नये.

दोन जागा देण्याची गरज खरोखर आहे का, हे कागदी सरावाच्या खुणा पाहूनच ठरवावे. उदाहरणात फक्त सांधा २ ला ती लागली, कारण यार्डाच्या कोपऱ्यातून गाडी सोडतानाच स्थानकाच्या उजव्या तोंडावर मेन लाइन लावावी लागते. बाकी आठ सांध्यांना एकेक जागा पुरली.

टप्पा ९ : चाचणी

एका वेळी एकच सांधा जोडावा आणि तपासावा. सगळे जोडून मग दोष शोधायला बसू नये. प्रत्येक सांधा वीस वेळा फिरवावा आणि दर वेळी पाती कडेच्या रुळाला पूर्ण टेकतात का, ते भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावे. मग एक सुटी वाघीण हाताने चारही प्रकारे न्यावी: सरळ जाताना, सरळ येताना, वळणावर जाताना आणि वळणावरून येताना. शेवटी सर्वांत लांब चाकपाया असलेले इंजिन अगदी कमी वेगाने न्यावे.

लपलेल्या यार्डाची चाचणी डोंगराचे छप्पर बसवल्यावर पुन्हा करावी. प्रत्येक बटण दाबून, आधी दिवा पाहून आणि मगच एकेक गाडी आत पाठवावी. चारही गाड्या आपापल्या रुळावर गेल्या, तरी चौथ्या रुळावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून पुन्हा चौथ्यावर असा मार्ग दहा वेळा बदलून पाहावा, कारण या बदलात कपॅसिटरवर सर्वांत जास्त ताण येतो आणि २३ क्रमांकाचा सांधा अर्धवट राहण्याची शक्यता इथेच असते. बटण लागोपाठ दाबल्यावरच तो अर्धवट राहत असेल, तर कपॅसिटरला भरायला वेळ मिळत नाही. दोन दाबांमध्ये किती सेकंद थांबावे लागते ते मोजून पॅनेलवर बटणांशेजारी लिहून ठेवावे.